बोट मेलच्या शेवटच्या स्टेशनापर्यंत

कोकण रेल्वेच्या गाडीत रत्नागिरीच्या पुढचे बोगदे सुरू झाले की कुणी ना कुणी ती रेल्वे बांधणाऱ्या ई. श्रीधरन यांचं नाव काढतंच. त्या दिवशी ते समोरच्या बाकावरच्या एका निवृत्त रेल्वेवाल्यांनी काढलं. सगळी नोकरी रुळांच्या देखभालीत गेलेले गृहस्थ. "श्रीधरनसाहेबांचं नाव झालं ते कोकणात नव्हे, पांबनला. वादळात मोडलेला पूल शेहेचाळीस दिवसांत उभा केला त्यांनी," ते म्हणाले आणि डब्याचं झाकण काढता काढता पुढे पुटपुटले, "पूल झाला खरा, पण त्या लाइनीचं शेवटचं स्टेशन काही परत उभं राहिलं नाही."

ते चिपळूणला उतरून गेले. मला मात्र त्या शेवटच्या स्टेशनानं, धनुष्कोडीनं, पछाडलं.

तसं हे नाव मराठी घरांना परकं नाही. काशीची गंगा रामेश्वराला वाहायची आणि सेतूची वाळू प्रयागच्या संगमात सोडायची, म्हणजे यात्रा पुरी झाली, असं आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या मानत आले. रामेश्वरासाठी आणलेली कावड एकनाथांनी तहानेनं तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडी रिकामी केली, ही गोष्ट शाळकरी पोरालाही ठाऊक असते. सेतूस्नान करायचं ते धनुष्कोडीला, महोदधी आणि रत्नाकर असे दोन समुद्र जिथे एकमेकांना भिडतात तिथे. पण तिथपर्यंत एके काळी आगगाडी जात होती आणि रामेश्वर हे त्या मार्गावरचं नुसतं फाट्यावरचं स्टेशन होतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मदुराईहून निघालेली गाडी मंडपम सोडून पांबनच्या नव्या पुलावर चढली आणि सगळा डबा मोबाईल घेऊन दारात लोटला. 6 एप्रिल 2025 ला सुरू झालेला हा पूल जहाज आलं की मधला 72.5 मीटरचा गाळा लिफ्टसारखा सरळ वर उचलतो. शेजारी जुना पूल गंजत उभा आहे. त्याच्यावरची वाहतूक डिसेंबर 2022 मध्येच थांबली. माझी नजर त्या जुन्यावरच होती.

रामेश्वरातल्या लॉजबद्दल थोडक्यात आटोपतो. 'सी व्ह्यू' म्हणून जादा पैसे घेतलेल्या खोलीची खिडकी जनरेटरवर उघडत होती. तक्रार केली तर मॅनेजरनं मला गच्चीवर नेलं आणि तिथून समुद्र दाखवला. देवळातली बावीस तीर्थांची स्नानं मी भिजत, कुडकुडत, रांगेतल्या ढकलाढकलीत उरकली. हजाराच्या वर खांबांचा तो प्रसिद्ध प्राकार ओल्या कपड्यांनी झपाझप पार केला. इथले पुजारी परंपरेनं महाराष्ट्रीय ब्राह्मण, शृंगेरी मठाची दीक्षा घेतलेले. खरं म्हणजे त्यांच्यापाशी थांबून चार गोष्टी विचारायला हव्या होत्या. पण डोक्यात स्टेशन होतं.

त्या स्टेशनाची हकिगत 1914 पासूनची. 24 फेब्रुवारी 1914 ला पांबनचा पूल खुला झाला आणि मद्रासच्या एग्मोर स्टेशनात काढलेल्या एकाच तिकिटावर थेट कोलंबोपर्यंत जाता येऊ लागलं. बोट मेल नावाची ही गाडी पांबनहून सरळ धनुष्कोडीच्या धक्क्यावर यायची. तिथे आगबोट तयार असायची. सुमारे 35 किलोमीटरचा समुद्र ओलांडला की पलीकडे तलैमन्नार, आणि तिथे सिलोनची गाडी. पांबन हे जंक्शन होतं, मेन लाइन धनुष्कोडीची. रामेश्वरचा देव हजारो वर्षांचा असेल, पण रेल्वेच्या लेखी तो फाट्यावरचा.

या गाडीतून कोण जायचं? चित्रांत हॅट घातलेले साहेब दिसतात. पण खरी गर्दी होती ती तमिळ मजुरांची, सिलोनच्या चहामळ्यांकडे निघालेल्यांची. सिलोन सरकारनं मंडपमला त्यांच्यासाठी विलगीकरणाची छावणीच उघडली होती. तपासणी होऊन, रोगराई नाही याची खात्री पटली की पुढे पाठवणी. आजही त्या मार्गावर 'मंडपम कॅम्प' नावाचं स्टेशन आहे. गाडीतल्या यात्रेकरूंना तो कॅम्प म्हणजे कसला, हे ठाऊक नसतं.

आणखी एक प्रवासी आपल्या ओळखीचा आहे, फक्त तो गाडीत नव्हता, खाली उभा होता. 'अग्निपंख' वाचलेल्यांना आठवेल: दुसऱ्या महायुद्धात रामेश्वरला गाडी थांबेनाशी झाली, तेव्हा वर्तमानपत्रांचे गठ्ठे धावत्या गाडीतून खाली फेकले जात आणि पेपर वाटणाऱ्या चुलत भावाच्या मदतीला जाऊन लहानगा अब्दुल कलाम ते उचलत असे. त्याची आयुष्यातली पहिली कमाई ती. गाडी धनुष्कोडीची होती. कलामांचे वडीलही रामेश्वरहून यात्रेकरूंना धनुष्कोडीला नेणारी होडी चालवत.

सकाळी बसनं निघालो. 2017 मध्ये पक्का रस्ता झाल्यापासून जमिनीच्या अगदी टोकापर्यंत, अरिचलमुनैपर्यंत, वाहन जातं. त्याआधी वाळूतून धडधडत जाणाऱ्या व्हॅनच काय त्या होत्या. दोन्ही हातांना समुद्र, एकीकडचा शांत, दुसरीकडचा उसळता. बसमधले सगळे टोकालाच उतरणार होते. मी जुन्या गावाशी उतरलो, तर कंडक्टरनं मला जागा चुकलेला म्हातारा समजून दोनदा परत बोलावलं.

उतरताच एक गाइड चिकटला. त्यानं पहिल्या पडक्या भिंतीकडे बोट करून "रेल्वे स्टेशन" म्हणून सांगितलं. भिंतीवर क्रूस ठेवायची वेदी सरळ दिसत होती. ते चर्च. दहा पावलांवरची दुसरी भिंतही त्याच्या मते स्टेशनच. धनुष्कोडीत पोस्ट होतं, तारघर होतं, कस्टम्सची कचेरी, दवाखाना, शाळा, सगळं होतं. पण या गाइडाच्या हिशेबानं गावात फक्त स्टेशनंच स्टेशनं. त्याला पैसे देऊन वाटेला लावलं, तेव्हा कुठे नीट बघता आलं.

इथल्या भिंती प्रवाळाच्या दगडाच्या आहेत. जवळ जाऊन पाहिलं तर प्रत्येक दगडावर फुलांसारखी नक्षी दिसते. ती कुणा कारागिराची नाही, जिवंत असताना त्या प्रवाळानंच केलेली. चुना झडला, दगड उरला. स्टेशनाच्या जागी थोड्या पडक्या भिंती, काही खांब आणि इंजिनांना पाणी पुरवणाऱ्या टाकीचा चौथरा एवढंच शिल्लक आहे. बाजूला वाळूत हातभर खड्डा खणून दोन बायका वाटीवाटीनं पाणी उपसत होत्या. समुद्र पन्नास पावलांवर, आणि ते पाणी गोडं. मी चाखून पाहिलं. कोळ्यांची वस्ती अजून इथे आहे, झावळ्यांच्या झोपड्यांत. शंखांच्या माळा आणि तळलेली मासळी हा आता गावाचा उद्योग.

22 डिसेंबर 1964. वादळ सिलोन ओलांडून पाल्कच्या सामुद्रधुनीत शिरलं होतं. रात्री 11 वाजून 55 मिनिटांनी 653 नंबरची पांबन-धनुष्कोडी पॅसेंजर सहा डबे घेऊन निघाली. नोंदीप्रमाणे 110 उतारू आणि 5 रेल्वे कर्मचारी. धनुष्कोडी हाकेच्या अंतरावर आली आणि सिग्नल मिळेना. ड्रायव्हर थांबला, वाट पाहिली, शेवटी लांब शिटी देऊन त्यानं गाडी पुढे काढली. तेवढ्यात समुद्र आला. गाडीतलं कुणी वाचलं नाही. बिनतिकीट उतारू धरले तर मृतांचा आकडा दोनशेच्या घरात जातो असं काही जण सांगतात. पुढे मद्रास सरकारनं गाव राहण्यास अयोग्य ठरवलं.

त्या संध्याकाळी लॉजखालच्या चहाच्या टपरीवर मदुराईकडचे एक निवृत्त इतिहासाचे प्राध्यापक भेटले. माझं वादळपुराण ऐकून ते चक्क वैतागले. त्यांचं म्हणणं, स्टेशन वादळाच्या आधीच मेलं होतं आणि ते सीमेनं मारलं. सिलोननं 1948 मध्ये नागरिकत्वाचा कायदा केला, मळ्यांतले लाखो तमिळ एका फटक्यात कुठल्याच देशाचे उरले नाहीत, आणि ज्या येण्याजाण्यावर धनुष्कोडी जगत होती ते आटलं.

"मग मध्यरात्रीच्या गाडीत शंभरावर माणसं कशाला होती?" मी विचारलं.

"स्थानिक. मजूर नव्हते."

"आणि शास्त्री-सिरिमावो करार? तो 30 ऑक्टोबर 1964 चा. सव्वापाच लाख माणसं भारतात परत घ्यायचं ठरलं. वादळ आलं नसतं तर ती सगळी या धक्क्यावरच उतरली असती की नाही?"

यावर ते थोडे थबकले, मग म्हणाले, "उतरली ना. रामेश्वरला."

इथे मात्र त्यांना शरण जावं लागलं. बोटसेवा पुढे रामेश्वर-तलैमन्नार अशी सुरू झाली आणि 1984 पर्यंत चालली. मळ्यांवरून परत धाडलेली कुटुंबं तिनंच आली. तरीही त्यांचं सगळं मला पटलेलं नाही. आटलेलं स्टेशन कितीतरी वर्षं रखडत चालू राहतं. आपल्याकडच्या नॅरोगेजवाल्यांना हे सांगायला नको. वादळ आलं नसतं तर धनुष्कोडीही तशीच चालली असती. मला वाटतं, निकाल लागला तो पांबनच्या दुरुस्तीत. रेल्वेनं सहा महिने धरले होते, वरिष्ठांनी ते तीनवर आणले, आणि तरुण श्रीधरननं समुद्रात पडलेले गर्डर काढून 46 दिवसांत पूल जोडला. म्हणजे पैसा, माणसं, हिंमत, कशाचीच वाण नव्हती. पण पुलापलीकडे रामेश्वरात देव होता, बाजार होता. धनुष्कोडीत फक्त बोट होती, आणि बोट कुठेही लागू शकते. ती रामेश्वरला लागली आणि फाट्यावरचं स्टेशन मेन लाइनीचं झालं. स्टेशनाच्या जिवावर उभं राहिलेलं गाव मग कागदावरून उतरलं. चेन्नई-रामेश्वर गाडीला मात्र लोक अजून बोट मेल म्हणतात.

मार्च 2019 मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते रामेश्वर-धनुष्कोडी मार्गाची पायाभरणी झाली होती. सुमारे 17 किलोमीटरची लाइन, दोनशे कोटींच्या वर खर्च. राज्य सरकारनं विरोध केला आणि ती योजना बारगळली. बरं झालं. दोन समुद्रांमधल्या त्या वाळूच्या पट्टीवर पुन्हा रूळ घालण्यात शहाणपण नाही. रेल्वेला काही करायचंच असेल तर पडक्या भिंतींपाशी एक धड पाटी लावावी: स्टेशनाचं नाव, 1914 ते 1964, आणि 653 पॅसेंजरमध्ये गेलेल्यांची संख्या. गाइडांचीही सोय होईल.

रामेश्वरला जाणाऱ्यांनी एवढं करावं. टोकावरच्या सेल्फीच्या गर्दीत जाण्याआधी चार किलोमीटर अलीकडे जुन्या गावाशी उतरावं. सकाळीच निघावं, कारण संध्याकाळ व्हायच्या आत पोलीस सगळ्यांना परत फिरवतात.