इन, ऑन आणि ॲट

इंग्रजीतल्या लांबलचक शब्दांची आपण उगाच धास्ती घेतो. ते बिचारे एकदा पाठ झाले की निमूट बसतात. खरा छळ करतात ती दोन-तीन अक्षरांची कार्टी : इन, ऑन, ॲट, टु, फॉर. शब्दकोशातला त्यांचा मजकूर सारा वाचला, तरी ऐन वेळी नेमके कोणाला हाक मारावी ते सुचत नाही.

मूळ भांडण जागेचे. इंग्रजीत हे अव्यय नामाच्या पुढे भालदारासारखे चालते; आपल्याकडे ते मागून येते आणि नामाला चिकटून बसते. त्याच्या स्वागतासाठी नाम आपले रूपही बदलते. 'झाड'चे 'झाडा' होते, मग त्यावर 'वर' येऊन बसते.

हे 'वर' मोठे उदार! डोक्यावर टोपी असते, तसा डोक्यावर पंखाही असतो. झाडावर आंबा आणि झाडावरच पोपट. इंग्रजाला हा मोघमपणा खपत नाही. टोपी टेकलेली, म्हणून 'ऑन'. पंखा अधांतरी, म्हणून 'ओव्हर'. आंबा झाडाला लागलेला, म्हणून 'ऑन द ट्री'. पोपट पानाफांद्यांत शिरलेला, म्हणून 'इन द ट्री'!

ही गंमत घरबसल्या ठीक आहे. पण माझ्या वर्गातली एक मुलगी नोकरीच्या मुलाखतीला गेली. घरात इंग्रजी बोलणारे कोणी नाही. "मी दोन वर्षांपासून संगणक शिकते आहे," हे सांगताना ती 'सिन्स टू इयर्स' म्हणाली. समोरचे दोघे एकमेकांकडे पाहून हसले आणि पोरीचे पुढचे इंग्रजी घशातच राहिले. आता, 'सोमवारपासून' आणि 'दोन वर्षांपासून' यांत मराठीला एकच 'पासून' पुरते. इंग्रजीत आरंभ सांगायचा तर 'सिन्स', मुदत सांगायची तर 'फॉर'. तिचे इंग्रजी चुकले, हे खरे. पण त्या चुकीच्या पोटात अगदी शुद्ध मराठी होते. हसणाऱ्यांना ते दिसले नाही, याचा मला राग आहे.

बरे, इंग्रजीवाल्यांचे तरी एकमत आहे का? लंडनचा माणूस 'ॲट द वीकेंड' म्हणतो, न्यूयॉर्कचा 'ऑन'. वाक्याच्या शेवटी अव्यय ठेवल्याबद्दल जॉन ड्रायडनने १६७२ साली बेन जॉन्सनला दोष दिला; पुढे स्वतःच्या जुन्या निबंधातली तशी वाक्येही बदलली. लोक मात्र बोलताना ते खुशाल शेवटी टाकतात.

माझा विषय मराठी. तरी हल्ली विभक्तीच्या तासाला मी फळ्यावर दोन वाक्ये लिहितो : 'आई घरी आहे' आणि 'आई घरात आहे'. 'ई' आणि 'त' दोन्ही सप्तमीचेच प्रत्यय, मग फरक काय? पोरे जरा घुटमळतात. मग कोणी म्हणते, घरी म्हणजे बाहेरगावी किंवा कामावर नाही. घरात म्हणजे अंगणात नाही. "झाले तर," मी म्हणतो, "पहिले 'ॲट होम', दुसरे 'इन द हाउस'."

यंदा तीच मुलगी उभी राहिली. "सर, मग 'दारी पाहुणे आले' आणि 'दारात मांजर बसले', यांचे काय?"

मी तोंड उघडण्याआधीच मागच्या बाकावरून उत्तर आले : 'ॲट द डोअर' आणि 'इन द डोअरवे'.