आवाज काढून घेतल्यावर

‘सैराट’ चित्रपटाचा शेवट संकलक म्हणून मी कितीदा तरी पाहिला आहे आणि दर वेळी माझं लक्ष चहावर जातं. पळून जाऊन लग्न केलेल्या आर्चीचा भाऊ नातेवाइकांना घेऊन तिच्या हैदराबादच्या घरी येतो, आईनं पाठवलेल्या वस्तू पुढं ठेवतो. आर्ची चहा करते. कुणाचाही आवाज चढत नाही. चित्रपटाचे संकलक कुतुब इनामदार इथं जराही घाई करत नाहीत. आर्चीचा आणि तिच्या नवऱ्याचा खून पडद्यावर होतच नाही. शेजारणीबरोबर बाहेर गेलेलं त्यांचं लेकरू परत येतं, आईबापाला पाहतं, रडतं. ते रडणं दिसतं, ऐकू येत नाही. रक्ताची इवली पावलं उमटवत ते बाहेर पडतं.

ट्रॅक बंद करणं कुणालाही जमतं. ती शांतता अंगावर यावी म्हणून आधी काय केलंय, ते बघायला हवं. संगीतकार अजय-अतुल यांनी पूर्वार्ध सुरांनी भरून टाकला. त्यासाठी लॉस एंजेलिसमध्ये वाद्यवृंदाचं ध्वनिमुद्रण केलं. २९ एप्रिल २०१६ ला चित्रपट लागला, तेव्हा ‘झिंगाट’ गाण्याला माणसं पडद्यासमोर जाऊन नाचत होती. तीच माणसं शेवटी खुर्च्यांना खिळून राहिली. पार्श्वसंगीत प्रेक्षकाला सांभाळून घेतं. आता रडा म्हणतं, आणि रडून झालं की मोकळं करतं. इथं मोकळं करणारं कुणी उरत नाही.

लघुपट करणारी पोरं मृत्यूच्या प्रसंगाखाली हमखास व्हायोलिन घालून आणतात. मी आधी ते म्यूट करतो. तरीही प्रसंग उभा राहिला, तरच पुढचं बोलणं.

‘सैराट’चे दिग्दर्शक नागराज मंजुळे यांनी आधीच्या ‘फँड्री’च्या शेवटी नायक जब्याचा दगड थेट आपल्याकडं भिरकावला होता. दगडाचा निदान राग तरी येतो. ‘सैराट’ रागालाही जागा ठेवत नाही, आमच्या सोलापूर जिल्ह्याला तर नाहीच. दिग्दर्शक जेऊरचे, आर्ची झालेली रिंकू राजगुरू अकलूजची, बरंचसं चित्रीकरण करमाळा तालुक्यातलं. आर्चीचं ठसक्यातलं बोलणं ओळखीचं वाटलं म्हणून आम्ही खुशीत हसलो. मग तिचा भाऊही ओळखीचाच निघाला. माहेरची माणसं दारात आल्यावर चहा न टाकणारी बाई आमच्या भागात मी पाहिलेली नाही. म्हणून त्या दृश्यातला एक सेकंदही कापता येत नाही. कापला, तर भाऊ परत मिळाल्याचा आर्चीचा आनंद पुरता व्हायचा नाही.