गोल्फचं मैदान कुणाचं?

आमच्या मुळशी तालुक्याची ओळख म्हणजे धो धो पाऊस आणि आंबेमोहोर तांदूळ. पण दोस्तांनो, याच तालुक्यात लवळ्याच्या डोंगरावर गोल्फचं १८ होलचं मैदानही आहे, बरं का! होल म्हणजे गवतातली छोटी गोल खळगी. काठीनं चेंडू मारत मारत तिथवर न्यायचा आणि आत टाकायचा. माझ्या भाच्यानं मैदानाचा फोटो पाहिला आणि विचारलं, "मामा, जायचं का आपण खेळायला?"

"अरे, ते खासगी आहे."

"मग सगळ्यांचं मैदान कुठं असतं?"

आता आली का पंचाईत! शोधलं, तर जवळचं सापडलं नवी मुंबईत. खारघरच्या डोंगरांमध्ये सिडको या सरकारी महामंडळानं २०१२ मध्ये गोल्फचं मैदान सुरू केलं. क्लबचं सभासद नसलं तरी पैसे भरून खेळता यावं, असा त्यामागचा विचार. सुरुवातीला होल होते ११.

पण खरी गंमत स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज गावाची. तिथलं समुद्रकाठचं माळरान सगळ्या गावाचं होतं. लोक तिथं मेंढरं चारत, कपडे वाळत घालत, गोल्फही खेळत. १७६४ मध्ये तिथं २२ ऐवजी १८ होल झाले आणि पुढे जगभर तोच आकडा रूढ झाला. मग गाव कर्जात बुडालं, १७९७ मध्ये माळ विकला गेला. पुढच्या मालकांनी तिथं चक्क ससे पाळले! सशांनी सगळीकडे बिळं केली. खेळणारे चिडले, कोर्टकचेऱ्या झाल्या. १८२१ मध्ये एका गोल्फप्रेमी जमीनदारानं तो माळ विकत घेतला, तेव्हा कुठे ससे हटले. १८९४ मध्ये तो पुन्हा गावाच्या ताब्यात आला.

हे वाचताना मला आपला मुळशीचा सत्याग्रह आठवला. टाटांच्या वीजनिर्मितीसाठी धरण होणार, आपली भातखाचरं पाण्याखाली जाणार, म्हणून १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, इथले शेतकरी धरणाच्या कामावर जाऊन बसले. सेनापती बापटांनी पुढे या लढ्यासाठी तुरुंगवास भोगला. पण जमीन काही परत मिळाली नाही, धरण झालंच. सेंट अँड्र्यूजकरांचं नशीब थोर म्हणायचं!

तिथल्या त्या जुन्या मैदानावर रविवारी सहसा गोल्फ बंद असतो. त्या दिवशी गावातली आजी-आजोबा मंडळी, पोरंबाळं, अगदी कुत्रीसुद्धा त्या गवतावर खुशाल फिरतात. तिकीट नाही की काही नाही!