हाताची सवय

सव्वा महिन्याची बाळंतीण बाळाला छातीशी धरून खोलीत येरझारा घालत असते, आणि दारातूनच कुणीतरी म्हणतं, "अगं, सारखं घेऊ नकोस. हाताची सवय लागेल, मग खाली राहायचं नाही ते." म्हणणारीच्या मनात वाईट काहीच नसतं. तिला त्या पोरीच्या कमरेची काळजी असते, ताटात गार होत चाललेल्या भाताची काळजी असते. तरी हे वाक्य कानावर पडलं की मला बाळाची बाजू घ्यावीशी वाटते. नऊ महिने ज्याला क्षणभरही कुणी खाली ठेवलेलं नव्हतं, त्याला अंगाची सवय आपण काय लावणार? ती घेऊनच ते आलेलं असतं.

माँट्रियलमधल्या हुंझिकर आणि बार या दोन संशोधकांनी 1986 साली एक साधाच अभ्यास प्रसिद्ध केला होता. काही आयांना त्यांनी सांगितलं की बाळ रडो वा न रडो, रोज निदान तीन तास तरी अंगावर घ्या. सहा आठवड्यांची झाली तेव्हा ही बाळं इतरांपेक्षा 43 टक्के कमी रडत होती, आणि दिवेलागणीच्या त्या अवघड वेळी तर निम्म्याने कमी. पुढे जपानमध्ये कुमी कुरोदा यांच्या गटाने बाळांच्या हृदयाचे ठोके मोजले. आई बाळाला घेऊन चालू लागली की थोड्याच वेळात ठोके मंदावतात, हातपाय झाडणं थांबतं. तीच आई बाळाला घेऊन नुसती बसली, तर तसं होत नाही. 2022 मध्ये याच गटाने आणखी नेमकं सांगितलं: रडणाऱ्या बाळाला घेऊन पाच मिनिटं चाला, डोळा लागला तरी लगेच खाली ठेवू नका, पाच-आठ मिनिटं तसंच घेऊन बसा आणि मग ठेवा. येरझारा घालणारी ती पोर नेमकं हेच करत होती.

तेव्हा घेणं बरोबरच आहे. अडचण एवढीच की माणसाला हात दोन, आणि त्यातला एक बाळाच्या ढुंगणाखाली नि दुसरा मानेखाली गेला की पाणी प्यायलासुद्धा हात उरत नाही. ही अडचण जगभरच्या बायांनी कापडाने सोडवली. मेक्सिकोत रेबोझो, पूर्व आफ्रिकेत कांगा, कोरियात पोदेगी. धडगावच्या बाजाराला डोंगर उतरून येणाऱ्या बाया जुन्या लुगड्याची फाड एका खांद्यावरून तिरकी घेतात, गाठ पाठीवर नाहीतर खांद्यावर, आणि मूल कमरेला असं लागलेलं असतं की बाई भाजी निवडते, पैसे मोजते, वाकते, मूल जागचं हलत नाही. आज मोठ्या शहरांत पट्ट्या नि बकलांची जी कॅरिअर मिळतात, त्यांची एक शाखाही अशाच कापडाला फुटलेली आहे. अ‍ॅन मूर ही अमेरिकन परिचारिका 1960च्या दशकात पीस कोअर या अमेरिकी स्वयंसेवक योजनेतून पश्चिम आफ्रिकेतल्या टोगोत गेली होती. तिथल्या आयांच्या पाठीवरची शांत बाळं तिने पाहिली. परत आल्यावर तिला मुलगी झाली, तेव्हा तिने तसंच कापड बांधून पाहिलं, पण बाळ सरकायचं. मग तिच्या आईने शिवणयंत्रावर एक पिशवी शिवून दिली. तिचं पुढे 'स्नगली' झालं आणि 1969 साली त्याला पेटंट मिळालं.

माझी भाची तिच्या तीन महिन्यांच्या मुलीला बांधते ते मी अगदी जवळ उभी राहून पाहिलं आहे. जवळजवळ पाच मीटरचं हातमागाचं सुती कापड. मधोमध एक खूण शिवलेली, ती आधी छातीवर येते. दोन्ही टोकं पाठीवर एकमेकांना छेदून पुन्हा खांद्यांवरून पुढे येतात. मग ती बाळाला खांद्याशी उभं धरते आणि वरून अलगद त्या पट्ट्यात उतरवते. कापड बाळाच्या एका गुडघ्याच्या लवणीपासून दुसऱ्या गुडघ्याच्या लवणीपर्यंत पसरते, वरची कड मानेच्या खालपर्यंत नेते. खरं काम त्यानंतर सुरू होतं. ती सगळं कापड एकदम ओढत नाही. आधी मानेजवळची कड, मग मधला भाग, मग खालची कड, असं निऱ्या चापून बसवाव्यात तसं थोडं थोडं ताणत जाते, आणि प्रत्येक ताणाबरोबर बाळ तिच्या अंगाला अधिक चिकटतं. गाठ मारून झाली की तळवा बाळाच्या पाठीवर ठेवून हलकेच दाबते. दाबल्यावर बाळ आत सरकलं तर बांधणी सैल आहे. ती गाठ सोडते आणि पुन्हा ताणते. शेवटी मान थोडी खाली करून बाळाच्या टाळूचा पापा घेते. पापा सहज घेता आला की उंची बरोबर.

कापड कसं असावं, हे यावरून कळतं. हातांनी आपण बाळाला जसं धरू, तसंच कापडाने धरलं पाहिजे. उंच, उभं, घट्ट, पाठीला आधार देऊन, तोंड दिसेल असं.

यातलं तोंड दिसणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. तान्ह्याचं डोकं अंगाच्या मानाने मोठं आणि जड असतं, मानेत ताकद नसते, श्वासनलिका मऊ नि अरुंद. पिशवीसारख्या खोल झोळीत बाळ पाठीतून वाकून मुटकुळं झालं की हनुवटी छातीवर टेकते आणि श्वास अडतो. गाल आईच्या अंगात किंवा कापडात रुतला तरी तेच. अशा वेळी बाळ रडत नाही, धडपडत नाही. त्याचा आवाजच होत नाही, म्हणून भीती मोठी. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने मार्च 2010 मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला. आधीच्या 20 वर्षांत स्लिंगमध्ये दगावलेल्या निदान 14 बाळांची नोंद त्यांच्याकडे होती आणि त्यातली 12 चार महिन्यांच्या आतली होती. म्हणून हनुवटी आणि छाती यांच्यामध्ये एक-दोन बोटं सहज जातील इतकी जागा हवी. अंगावर पाजलं, तर पिऊन झाल्यावर बाळाला परत उभं, वर घ्यायचं. दिवसांआधी जन्मलेलं, वजनाला कमी असलेलं किंवा सर्दीने नाक चोंदलेलं बाळ असेल तर कापडात घालण्याआधी डॉक्टरांना विचारायचं.

आणि पदर. ऊन लागेल, धूळ जाईल, दृष्ट लागेल म्हणून आपल्याकडे बाळाच्या तोंडावर पदर किंवा ओढणी टाकायची फार सवय आहे. बाहेरून पाहणाऱ्याला ते मायेचं दिसतं, पण आत बाळाला तीच तीच कोंदट हवा मिळते, आणि आपल्यालाही त्याचा चेहरा दिसत नाही. तीट लावा, काळा दोरा बांधा, छत्री धरा, पण तोंड झाकू नका. नागपूर-चंद्रपूरच्या उन्हाळ्यात तर अंगाला अंग लागून दोघंही तापतात. पातळ सुती कापड, आत फक्त लंगोट आणि झबलं, बाळाला दूध नि आईला पाणी वेळच्या वेळी, आणि भर दुपारी बाहेर न पडणं, हेच बरं.

आता पायांकडे या. कडेवर बसलेल्या मुलाकडे नीट पाहिलं तर दिसेल की त्याच्या मांड्या फाकलेल्या, पाय आईच्या कमरेला दोन्हीकडून विळखा घातलेले आणि गुडघे ढुंगणापेक्षा थोडे वर असतात. जन्मतः खुब्याची वाटी बरीचशी कूर्चेची असते. मांडीच्या हाडाचं गोल डोकं तिच्यात नीट टेकून राहिलं तर वाटी खोल होत जाते. अर्नोल्ड पावलिक या चेक डॉक्टरांनी 1940च्या दशकात खुबा निखळलेल्या बाळांसाठी पट्ट्यांचा एक साज तयार केला. तो आजही वापरतात, आणि तो बाळाचे पाय जवळजवळ याच अवस्थेत धरून ठेवतो. जे उपचार म्हणून करतात ते कडेवर आपसूक होतं. उलट आपण काय करतो? पाय सरळ व्हावेत म्हणून न्हाऊ घालताना ओढतो, दोन्ही पाय जुळवून दुपट्यात घट्ट गुंडाळतो. जपानमध्ये 1970च्या दशकात बाळांचे पाय असे सरळ बांधू नका म्हणून देशभर सांगण्यात आलं आणि खुबा निखळण्याचं प्रमाण खूप खाली आलं. दुपटं वापराच, हात-छातीशी नीट गुंडाळा, कमरेखाली मात्र पाय दुमडायला नि फाकायला जागा सोडा. कॅरिअर घेताना हेच बघायचं. बूड इतकं अरुंद की बाळ दोन पायांमधल्या पट्टीवर लोंबतंय आणि पाय खाली सरळ लटकतायत, असं असेल तर ते कितीही महाग असो, नको. पहिले पाच-सहा महिने बाळाचं तोंड आपल्याकडेच असावं. पाठीवर घ्यायचं तर त्याची मान आणि बसणं पक्कं झाल्यावर.

एका गोष्टीवर मला थांबून बोलायचं आहे, कारण ती पुण्यात, नाशकात, कोल्हापुरात रोज दिसते. बाबा स्कूटरवर, छातीला कॅरिअर, कॅरिअरमध्ये बाळ, मागे आई. दोघांनाही वाटतं की बांधलंय म्हणजे सुरक्षित आहे. तसं नाही. गाडी घसरली तर चालवणाऱ्याच्या अंगाचा सगळा भार त्या बाळावर येतो. चार वर्षांखालच्या मुलाला दुचाकीवर न्यायचं तर वेगळा सुरक्षा पट्टा हवा, वेग ताशी 40 किलोमीटरच्या आत हवा, नऊ महिन्यांपुढच्या मुलाला हेल्मेट हवं, असा केंद्राचा नियम फेब्रुवारी 2022 मध्ये निघाला आणि वर्षभराने लागू झाला. बाळाला घेऊन हिंडायचं कॅरिअर म्हणजे तो पट्टा नव्हे. तान्ह्याला घेऊन दुचाकीवर बसूच नये, रिक्षा करावी, असं माझं ठाम मत आहे. तसंच शेगडीचं. बाळ छातीशी बांधून फोडणी घालायची नाही, उकळता चहा हातात धरायचा नाही.

अंगाशी घेण्याचं मोल सगळ्यात स्पष्ट दिसतं ते कमी वजनाच्या बाळांत. कोलंबियातल्या बोगोटाच्या सरकारी प्रसूती रुग्णालयात 1978 च्या सुमारास डॉ. एडगार रे यांच्यापुढे बाळं जास्त नि इन्क्युबेटर कमी अशी स्थिती होती. त्यांनी बाळांना आयांच्या उघड्या छातीला लावून बांधायला सुरुवात केली. हीच आजची कांगारू मदर केअर. आधी ही पद्धत गरिबांचा नाइलाज समजली जायची. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने घाना, भारत, मलावी, नायजेरिया आणि टांझानियातल्या पाच रुग्णालयांत एक मोठा अभ्यास केला. भारतातलं रुग्णालय दिल्लीचं सफदरजंग. एक किलो ते 1.8 किलोपर्यंतच्या बाळांना प्रकृती स्थिरावण्याची वाट न पाहता जन्मल्यावर लगेच आईच्या किंवा घरातल्या दुसऱ्या माणसाच्या छातीला लावलं. 2021 साली निष्कर्ष आले. पहिल्या 28 दिवसांतले मृत्यू चौथ्या हिश्शाने कमी झाले होते. सव्वा किलोचं बाळ टोपी नि लंगोट घालून आईच्या गळपट्टीतून डोकावतं, आणि आई आरामखुर्चीत रेलून तासन् तास हलत नाही. आता हे आपल्या जिल्हा रुग्णालयांतही दिसतं. तिला तिथे कुणी 'हाताची सवय लागेल' म्हणत नाही.

पण मूल अंगावर घ्यायला अंग मोकळं असावं लागतं. दसरा-दिवाळीनंतर बीडच्या बाजूने ऊसतोडीला निघालेली बाई बाळाला पाठीशी बांधू शकत नाही, कारण तिला उसाची मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढायचं असतं. ती पहाटेच्या थंडीत बाळाला फडाच्या कडेला झोळीत टाकते आणि कोयता हातात घेते. झोळी वाईट नाही. पण झोळीजवळ माणूस हवा. ते माणूस बहुतेक वेळा आठ-नऊ वर्षांची थोरली बहीण असते. तिच्या एवढ्याशा कमरेवर ते मूल असतं आणि तिची शाळा गावाकडे राहिलेली असते. ती मुलाला कडेवर अगदी बरोबर घेते, ढुंगणाखाली हात, पाय दोन्हीकडे. ते घेणं तिच्या वाट्याला यायला नको होतं. जिथे फड लागतो तिथे पाळणाघर असलं पाहिजे, आणि ते चालवायची जबाबदारी कारखान्यांवर असली पाहिजे.

घरात मात्र हे आपल्या हातात आहे. कॅरिअरच्या पट्ट्या बाबाच्या अंगाला होतील इतक्या मोठ्या करता येतात, आजोबांच्याही. पाठ धड असेल तर आजीनेही कापड बांधायला शिकावं; पहिल्यांदा बाळाऐवजी उशी घेऊन, पलंगाशेजारी उभं राहून, कुणाला तरी जवळ ठेवून. शिवण उसवलेली नाही ना, कापड विरलेलं नाही ना, हे उजेडात धरून बघावं. आणि शेजारी बाळंतीण असेल तर तिला सवयीबद्दल काही सांगू नका. हात धुऊन जा, अर्धा तास तिचं बाळ घ्या, आणि तिला गरम जेवू द्या.