शाळेच्या मैदानाची किल्ली

ज्या मैदानावर आम्ही वीस वर्षं क्रिकेट खेळलो ते शाळेचं आहे, हे मला चाळिशीला टेकल्यावर कळलं. तसं माहीत सगळ्यांनाच होतं. भिंतीवर शाळेचं नाव आहे, कोपऱ्यात झेंड्याचा कट्टा आहे. पण शाळा सुटली, शिपाईमामांनी फाटकाला कुलूप लावलं, की मागच्या पडक्या भिंतीवरून उड्या मारून आम्ही आत. आमची आणि शाळेची गाठ पडायची ती खिडकीची काच फुटल्यावरच. मग कुणीतरी दोनशे रुपये भरायचे आणि पुढची काच फुटेपर्यंत दोन्हीकडे शांतता.

माझं ताडकळसला कृषी सेवा केंद्र आहे. जून ते ऑगस्ट मला मान वर करायला फुरसत नसते. बियाणं, खत, फवारणीची औषधं आणि उधारीच्या वह्या. दिवाळीनंतर कापूस-सोयाबीनचे पैसे लोकांच्या हातात येतात आणि आमच्या पूर्णा तालुक्यात टेनिस बॉलच्या स्पर्धांचा हंगाम सुरू होतो. पेंडाल, भोंगा, कॉमेंट्रीला एखादा बोलघेवडा, पहिलं बक्षीस एका पुढाऱ्याकडून, दुसरं त्याच्या विरोधकाकडून. फुलकळस, धानोरा काळे, पालमच्या बाजूची गावं, जिथं बोलावणं येईल तिथं आमची टीम जायची. आठ-आठ ओव्हरचे सामने, बॉल दिसला की घुमवायचा. जिंकलो तर रात्री मटण, हरलो तर अंपायर चोर.

या सगळ्यात शाळेची लेकरं कुठं होती? बाउंड्रीवर. बॉल तुरीत गेला की शोधून आणायचा, एवढंच त्यांचं काम. कधी आमचा एखादा गडी आला नाही तर त्यातल्या थोराड पोराला फिल्डिंगला उभं करायचो. बॅटिंग मात्र द्यायचो नाही. हे लिहिताना लाज वाटते, पण खरं ते खरं.

६ फेब्रुवारी २०२४ ची रात्र मला नीट आठवते. १९ वर्षांखालच्या विश्वचषकाची सेमीफायनल, दक्षिण आफ्रिकेत बेनोनीला. समोर आफ्रिकाच, जिंकायला २४५ आणि आपले चार गडी ३२ धावांत परत. दुकानाचं शटर अर्धं ओढून आम्ही सात-आठ जण मोबाईलला चिकटलो होतो. तिथून उदय सहारन आणि सचिन धस यांनी १७१ धावांची भागीदारी केली. धस ९६ वर आउट झाला. धस बीडचा. वडिलांनी तेंडुलकरवरून नाव ठेवलेला. बीड म्हणजे आमच्या शेजारचा जिल्हा. तीच काळी माती, तोच कापूस, तीच पाण्याची बोंब. जालन्याच्या विजय झोलनं २०११ मध्ये महाराष्ट्राच्या १९ वर्षांखालच्या संघाकडून नाबाद ४५१ केल्या होत्या, पुढे तो त्या वयोगटात भारताचा कॅप्टनही झाला, तेव्हाही आम्ही असेच हुरळलो होतो. हुरळायचं आणि सकाळी विसरायचं, यात आमचा हात कुणी धरणार नाही.

या वेळी विसरलो नाही, त्याला कारण एक पोरगं. दुकानाच्या पायरीवर बसून तेही मॅच बघत होतं. आठवीतलं. आमच्या सामन्यांत बॉल आणून देणाऱ्यांपैकीच. त्याचं नाव इथं लिहीत नाही. त्याचा थ्रो मी दोन-तीनदा पाहिला होता: बाउंड्रीवरून निघायचा तो सपाट, टप्पा न घेता कीपरच्या हातात. मॅच संपल्यावर त्यानं विचारलं, "मामा, हा धस कोन्त्या टीमकून खेळायचा आधी?"

मला उत्तर देता येईना. आमच्यासारख्या टीममधून तर नक्कीच नाही.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेलो. खेळाचे सर माझ्याच वयाचे. वीस वर्षांत आम्ही एकमेकांशी क्रिकेटवर कधी बोललो नव्हतो. त्यांनी कपाटातून एक फाइल काढली. क्रीडा खात्याच्या शालेय स्पर्धा दरवर्षी होतात, वयोगट ठरलेले, क्रिकेटही त्यात आहे. मुलांचं आहे, मुलींचंही आहे. जिल्ह्यात जिंकलं की विभाग, मग राज्य. शाळेनं ऑनलाइन प्रवेशिका भरायची, बस. "मग आपली शाळा का जात नाही?" मी विचारलं. सर हसले. "सीझन बॉलवर असतंय ते. माझ्याकडं कबड्डी, खोखो, कवायत आन् गणिताचे दोन वर्ग. बॉल कुनी घ्यावा, शिकवावं कुनी?"

म्हणजे असं होतं: शाळेकडे मैदान, मुलं आणि प्रवेशिकेवर मारायचा शिक्का. आमच्याकडे वेळ, बक्षिसाचे पैसे आणि क्रिकेटचं वेड. मधे एक पडकी भिंत.

मुंबईच्या क्रिकेटबद्दल आपण हॅरिस शिल्ड आणि ६६४ च्या भागीदारीपलीकडे फारसं बोलत नाही. १९८८ ची ती भागीदारी शारदाश्रम शाळेची. पण त्या जोडीतला तेंडुलकर त्याच काळात प्रशिक्षक आचरेकर सरांच्या कामत मेमोरियल क्लबकडूनही खेळत होता. शाळेचा सामना संपला की सर त्याला स्कूटरवर मागे बसवून दुसऱ्या मैदानावर न्यायचे. शाळा आणि क्लब यांना जोडणारा रस्ता म्हणजे ती स्कूटर. इंग्लंडमध्ये सरकारी शाळांतून क्रिकेट जवळजवळ संपलं तेव्हा २००५ पासून 'चान्स टू शाइन' नावाची मोहीम काढून क्लबचे प्रशिक्षक शाळांत पाठवावे लागले. आमच्याकडे मोहीम नाही. माझी जुनी स्प्लेंडर आहे.

मुलांना शिकवायला मैदान मागितलं तेव्हा मुख्याध्यापकांचा पहिला प्रश्न काचेचा नव्हता. "लेकराला बॉल लागला तर पालकांना उत्तर कोण देणार?" प्रश्न रास्त होता आणि आमच्या टीममध्ये तो कुणाच्या डोक्यातही आला नव्हता. मग पालकांच्या सह्यांचे कागद झाले, औषधांची पेटी आली, हेल्मेटशिवाय बॅटिंग नाही असं ठरलं. रविवारी सकाळी दोन तास, आमचे दोन गडी आणि सर. फाटकाची एक किल्ली मला मिळाली. वीस वर्षं भिंतीवरून उड्या मारलेल्या माणसाला फाटकातून आत जाताना कसंतरीच वाटलं.

आता सीझन बॉलची गंमत. टेनिस बॉल साठेक ग्रॅमच्या आतला. चामड्याचा सीझन बॉल १५६ ते १६३ ग्रॅम, म्हणजे जवळजवळ तिप्पट. आमचा सलामीचा गडी, ज्यानं षटकार मारून दोन सायकली आणि एक कूलर घरी नेलाय, तो पोरांना दाखवायला म्हणून उभा राहिला. पहिला बॉल त्यानं नेहमीसारखा आडव्या बॅटनं ओढला. टेनिस बॉल उसळून बॅटवर येतो, हा खाली राहिला आणि मधला स्टंप घेऊन गेला. दुसरा बॉल अंगठ्यावर. तो बॅट टाकून मैदानभर नाचला आणि पोरं पोट धरून हसली. त्या दिवशी मला समजलं की आम्हालाही काही येत नाही. परभणीहून एका जुन्या खेळाडूला आम्ही चार रविवार जाण्या-येण्याच्या पेट्रोलवर बोलावलं. तो पोरांबरोबर आम्हालाही डावं कोपर वर ठेवायला शिकवून गेला. चाळिशीत फॉरवर्ड डिफेन्स शिकणं म्हणजे म्हातारपणी सायकल शिकण्यासारखं आहे, गुडघे लगेच तक्रार करतात.

खरा शत्रू मात्र आमची काळी माती. कापसाला ती आई आहे, क्रिकेटला सावत्र. उन्हाळ्यात तिला अशा भेगा पडतात की बॉल त्यात शिरून बसतो; पावसात ती बुटाला धरते ती सोडत नाही. मुंबईत कांगा लीग १९४८ पासून भर पावसाळ्यात खेळतात, ओल्या खेळपट्टीवर खेळायची सवय व्हावी म्हणून. आमच्या मातीत कांगा लीग भरवली तर गडी रुतून बसतील. आम्ही खेळपट्टीपुरती माती उकरली, ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्या मुरूम टाकला, पाणी मारून रोलर फिरवला आणि वर काथ्याची मॅट अंथरली. मॅटचे पैसे आदल्या हंगामाच्या बक्षिसातून गेले. त्यावरून टीममध्ये चांगलं वाजलं. दोघं सोडून गेले, एक परत आला.

पालकांना समजावणं सोपं गेलं असं वाटत असेल तर तेही नाही. वेचणीच्या दिवसांत रविवारी घरचे चार हात जास्त लागतात. एका माउलीनं मला दुकानात येऊन सुनावलं, "रोजगारी बाया मिळंनात आन् माझं लेकरू तुमच्यापाशी दांडकं हलवायलंय." मी म्हटलं, सहाला येईल, आठला शेतात. तेवढ्यावर निभावलं. एका चिमुरडीनं मात्र वेगळंच विचारलं. ती सहावीत होती, भावाचा डबा घेऊन आली होती. "पोरींची टीम कव्हा करनार?" सोलापूर जिल्ह्यातल्या मिरे गावच्या किरण नवगिरेनं २०२२ मध्ये नागालँडकडून टी-ट्वेंटीत नाबाद १६२ केल्या, हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "मंग?" माझ्याकडे 'मंग'चं उत्तर नव्हतं. सध्या सहा मुली येतात. अकरा होत नाहीत.

त्या वर्षी शाळेनं १७ वर्षांखालच्या मुलांची प्रवेशिका भरायला घेतली आणि तिथं आमचं घोडं पेंड खाऊ लागलं. ज्या पोरामुळे हे सगळं सुरू झालं त्याची जन्मतारीख शाळेच्या रजिस्टरात १ जून, आधारवर दुसरीच. आमच्या भागात १ जूनला जन्मलेली माणसं पोत्यानं सापडतील. पूर्वी शाळेत घालताना बापानं 'लिवा गुर्जी, बसल तसं' म्हणावं आणि गुरुजींनी जूनची तारीख टाकावी. मीही कागदोपत्री जूनचाच. एरवी त्यानं कुणाचं काही अडत नाही, पण क्रीडा स्पर्धेत दोन कागदांवर दोन तारखा चालत नाहीत. पुढे बीसीसीआयच्या १६ वर्षांखालच्या क्रिकेटमध्ये तर हाडांचा एक्स-रे काढून वय तपासतात. चूक आमची. महिनाभर मॅट अंथरत बसलो, कागद बघितले शेवटच्या दोन दिवसांत. मुदत संपली, त्याचं नाव राहून गेलं.

तो तरीही परभणीला आला. काळी-पिवळीत मागच्या सीटवर किट मांडीवर घेऊन. शहरातल्या शाळेची पोरं पांढऱ्या कपड्यांत, प्रत्येकाची स्वतःची बॅग. आमच्यात पॅडच्या तीन जोड्या, त्यामुळे एक आउट झाला की पुढच्याला पॅड देण्यासाठी पळत यायचा. आम्ही ४१ वर सर्वबाद. समोरच्यांनी एक गडी गमावून ते काढले. सामना दुपारच्या जेवणाआधी संपला. आमचा पोरगा सामन्याआधी कॅचेस देत होता, एक थ्रो त्यानं नेहमीसारखा मारला तेव्हा समोरच्या शाळेच्या कोचनं मान वळवून विचारलं, "हा नाही खेळत?"

परतीच्या वाटेवर कुणी बोललं नाही. घर जवळ आलं तेव्हा सर म्हणाले, "सोमवारी ग्रामपंचायतीतून त्याचा जन्मदाखला काढू." दाखला निघाला. मुख्याध्यापकांनी दुरुस्तीचा प्रस्ताव वर पाठवला, चार हेलपाटे झाले आणि रजिस्टरातली तारीख बदलून आली. आता प्रत्येक नव्या पोराचे कागद आम्ही पहिल्या रविवारी बघतो, बॅट नंतर.

टेनिस बॉलचा हंगाम अजून आहे, भोंगाही आहे. फक्त आमच्या गावच्या स्पर्धेत एंट्री फीमधला काही भाग शाळेच्या बॉलसाठी बाजूला निघतो.

एक अडचण राहिली आहे. आमच्याकडचे पॅड आणि ग्लोव्ह्ज मोठ्यांचे आहेत. पॅड बांधला की सातवीतल्या पोराच्या कमरेला लागतो आणि त्याला धावता येत नाही. कुणाच्या माळ्यावर लहान मापाचे जुने पॅड, ग्लोव्ह्ज किंवा हेल्मेट पडलं असेल तर ताडकळसला दुकानावर आणून द्यावं. डावखुऱ्याचे ग्लोव्ह्जही चालतील, एक पोरगं डावखुरं आहे. पावती मिळणार नाही, चहा मिळेल.