प्रिंटरचा पत्ता

भिलाई पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ साली सुरू झाली. पुढे तिच्या आसऱ्याने ओतकाम, फॅब्रिकेशन, सुटे भाग करणाऱ्या लहान युनिटांचा पसारा वाढला, आणि हथखोजची औद्योगिक वसाहत त्यातलीच. लोखंड वसाहतीत कापले जाते, हिशेब मात्र पुष्कळदा रात्री घरच्या टेबलावर होतो. जीएसटीच्या नियमाप्रमाणे मालाच्या बिलाच्या तीन प्रती काढाव्या लागतात: घेणाऱ्याची, वाहतूकदाराची आणि विकणाऱ्याची. आमच्या पिढीने या प्रतींसाठी कार्बन घातलेले बिलबुक पाहिले, मग करकरणारा डॉट मॅट्रिक्स पाहिला. ती साधने एका टेबलाची, एका माणसाची होती. वायफायवरचा प्रिंटर आला तेव्हा छपाई प्रथमच साऱ्या घराची झाली. वडिलांचे बिल, मुलीचा प्रोजेक्ट, आजीचे पेन्शनचे कागद, सगळे एकाच ट्रेमधून. आणि तो ‘ऑफलाइन’ दिसला की दोष यंत्राच्या माथी. माझे म्हणणे असे की बहुतेक वेळा यंत्र निर्दोष असते. बिघडलेला असतो त्याचा पत्ता.

पुरावा प्रिंटर स्वतःच देतो. बहुतेक प्रिंटरवर कॉम्प्युटरशिवाय माहितीचे पान छापता येते. ते स्वच्छ निघाले तर शाई, ड्रम, रोलर यांच्यावरचा संशय तिथेच संपला. त्याच पानावर त्याचा आयपी पत्ता असतो. आता कॉम्प्युटरमधल्या प्रिंटरच्या पोर्टवर कोणता पत्ता नोंदलाय ते पाहा. अनेकदा दोन्ही जुळत नाहीत. कारण साधे आहे. घरातला राउटर प्रत्येक यंत्राला पत्ता देतो तो मुदतीचा, भाड्याचा. वीज जाऊन आली, राउटर नव्याने सुरू झाला, की प्रिंटरच्या वाट्याला दुसराच आकडा येऊ शकतो. कॉम्प्युटर मात्र भाडेकरूने सोडलेल्या खोलीचे दार ठोठावणाऱ्या पोस्टमनसारखा जुन्याच आकड्यावर कागद पाठवत राहतो. मग रांगेत पाच-सहा बिले तुंबतात आणि कोणीतरी ड्रायव्हर उडवून पुन्हा टाकायला बसतो. तसे केल्यावर प्रिंट निघते हे खरे, पण ड्रायव्हर नवा म्हणून नव्हे. जोडणी नव्याने करताना पत्ता नवा शोधला गेला म्हणून.

गंमत अशी की घरोघरचे हे नेटवर्क ज्या इथरनेटच्या वंशातले, तो झेरॉक्सच्या कॅलिफोर्नियातल्या प्रयोगशाळेत १९७३ साली रॉबर्ट मेटकाफ यांनी मांडला तेव्हा तिथल्या सगळ्या ऑल्टो कॉम्प्युटरांना एकाच लेझर प्रिंटरवर छापता यावे, हा त्यामागचा एक मोठा हेतू होता. जो पाहुणा डोळ्यांसमोर ठेवून मांडव घातला, त्यालाच आज जागा सापडत नाही!

यावर कोणी म्हणेल, मग एका कॉम्प्युटरला केबलने जोडा आणि तिथून इतरांना वाटा. वाटता येते, पण तो कॉम्प्युटर झोपला की साऱ्या घराची छपाई झोपते. शिवाय २०२१ मध्ये विंडोजच्या छपाई-यंत्रणेत ‘प्रिंटनाइटमेअर’ नावाचे गंभीर भगदाड सापडले आणि त्या वर्षीच्या सुरक्षा-दुरुस्त्यांनंतर अशी वाटणी कित्येक ठिकाणी बंद पडली. लोकांनी छपाईपायी सुरक्षेची दुरुस्तीच काढून टाकली. हा सौदा महागाचा. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: २०१० पासून एअरप्रिंटसारख्या सोयी प्रिंटरला आकड्याने नव्हे, नावाने शोधतात, मग पत्त्याची चिंता कशाला? मोबाइलपुरते हे बरोबर, आणि ज्या घरात फक्त मोबाइलच आहेत त्यांनी माझे ऐकू नये. पण नावाची ही हाक त्याच नेटवर्कपुरती जाते. फोन पाहुण्यांच्या वायफायवर असेल तर प्रिंटर शेजारी असूनही दिसत नाही. आणि हिशेबाचा जुना कॉम्प्युटर बहुधा आकड्यावरच चालतो.

तिसरा मार्ग नाक्यावरच्या दुकानाचा. दुसऱ्याच्या यंत्रावर छापणे छत्तीसगढच्या या मुलखाला नवे नाही. माधवराव सप्रे यांचे ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक १९०० साली पेंड्र्याहून निघे, पण छापले जाई बाहेरगावी. मासिकाला ते चालते, कारण ते सगळ्यांनी वाचावे यासाठीच असते. आधार कार्ड आणि गिऱ्हाइकांची बिले दुकानदाराच्या व्हॉट्सअॅपवर ठेवून येणे मला पटत नाही.

तेव्हा घरातल्या एकाने, आणि एकानेच, हे काम अंगावर घ्यावे. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन प्रिंटरचा पत्ता राखून ठेवावा, कॉम्प्युटरच्या पोर्टवर तोच आकडा घालावा आणि तो प्रिंटरच्या झाकणावर चिकटवावा. नवीन प्रिंटर घेताना, पुष्कळ प्रिंटर फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवरच चालतात, हेही ध्यानात ठेवा. एवढे करूनही माहितीचे पान पुसट निघाले, तर मात्र मेकॅनिकला खुशाल बोलवा.