वैशाखातील विहार

जळगाव जिल्ह्यातील एका बाजारपेठेत धान्याची आडत असलेले एक गृहस्थ, वय 64, वैशाखातील एका सकाळी महासतीजींच्या विहारसेवेस निघाले. अंतर अवघे 11 किलोमीटर. खानदेशात त्या दिवसांत पारा 45 अंशांजवळ जातो आणि आठ वाजण्याच्या सुमारासच ऊन चटके देऊ लागते. गृहस्थांचा आदल्या सूर्यास्तापासून चौविहार होता. शिवाय त्यांनी पोरसीचे पच्चक्खाण घेतले होते. सातव्या किलोमीटरला त्यांच्या पोटऱ्यांत गोळे आले, डोळ्यांपुढे अंधारी आली. ते एका कडुनिंबाखाली बसले आणि पुन्हा उठवेना. पुढे अनवाणी चालणाऱ्या साध्वींपैकी थोरल्या महासतीजींनी सत्तरी ओलांडलेली होती.

मुलांनी मोटारीतून घरी आणले. सायंकाळपर्यंत देह सावरला, मन मात्र सावरले नाही. आपली श्रद्धाच उणी पडली, असे त्यांनी घेतले. चार दिवस ते स्थानकातही गेले नाहीत. पत्नी म्हणाल्या, "अहो, चक्कर आली म्हणजे पाप का घडले?" त्यावरही ते गप्पच राहिले.

अखेरीस डॉक्टरांनी विचारले, "काका, पेढीवर तुम्ही कुठे बसता?" प्रश्न साधा होता, उत्तर त्यातच होते. दहा वर्षांपूर्वीपर्यंत गृहस्थ ओट्यावर, पोत्यांच्या थप्प्यांपाशी, हमाल-मापाड्यांच्या बरोबरीने उन्हाळा काढीत. पुढे मुलांनी काचेची खोली केली, वातानुकूलन यंत्र बसविले. घर, मोटार, पेढी, सर्वत्र तीच गार हवा. डॉक्टर म्हणाले, "तुमचे शरीर उन्हाळा विसरले आहे."

शरीर उन्हाळा शिकते, हे शब्दशः खरे आहे. आतील तापमान 37 अंशांच्या आसपास राखणे देहास भागच असते, आणि कडक उन्हात त्याचे मुख्य साधन घाम. एक लिटर घाम सुकताना सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो; नुसता निथळून गेला तर काहीच साधत नाही. म्हणूनच खानदेशच्या कोरड्या झळांपेक्षा मुंबईचा दमटपणा कमी अंशांतही जीव नकोसा करतो. रोज तास-दीड तास उन्हात श्रम केले, तर दहा ते चौदा दिवसांत देह बदलू लागतो. रक्तातील द्रव वाढतो, त्यामुळे हृदयाला तेवढ्याच कामासाठी कमी धडधडावे लागते. घाम लवकर सुटतो, अधिक सुटतो, आणि त्यातून मीठ कमी जाते. मात्र ही मुदत ठेव नव्हे. उन्हाशी संबंध तुटला की तीन-चार आठवड्यांत बरीचशी शिल्लक संपते. सरावलेल्या माणसास पाणी कमी लागते, हा समजही चुकीचा. घाम वाढल्यामुळे त्यास ते अधिकच लागते. वयपरत्वे तहानेची जाणीव बोथट होते, ही त्यात आणखी भर.

थंडीचा सराव त्यामानाने दुबळा असतो. थंडीत त्वचेतील रक्तवाहिन्या आकसतात, देह कुडकुडून ऊब निर्माण करतो. सरावाने कुडकुडणे काहीसे कमी होते, एवढेच. बाकी भार माणसाने वस्त्रांवर आणि शेगडीवर टाकला आहे. याला एक विलक्षण अपवाद कोरियातील समुद्रात बुड्या मारणाऱ्या स्त्रियांचा. त्यांचा व्यवसाय अहिंसेच्या कसोटीस उतरणारा नाही, परंतु त्यांच्या देहाने दिलेली साक्ष बोलकी आहे. पातळ सुती वस्त्रांत त्या हिवाळ्यातही पाण्यात उतरत, आणि त्या ऋतूत त्यांचे शरीर विश्रांतीतही अधिक उष्णता निर्माण करी. 1970 च्या दशकात अंगाला घट्ट बसणारे रबरी पोशाख आले आणि काही वर्षांत ती शक्ती ओसरली. त्यांचा रबरी पोशाख आणि पेढीवरील काचेची खोली, दोन्हींची जात एकच.

पाचव्या दिवशी गृहस्थ वंदनास गेले आणि मनातील सल बोलून दाखविला. थोरल्या महासतीजी म्हणाल्या, "श्रावकजी, आम्ही कार्तिकी पौर्णिमेनंतर चालू लागलो. थंडीतून चालत चालत उन्हाळ्यापर्यंत आलो. तुम्ही एकदम वैशाखातच आलात." बावीस परीषहांत शीत आणि उष्ण यांची गणना आहे, ती साधूंच्या मार्गातील; श्रावकाने यथाशक्ती करावे, असेही त्यांनी सुचविले.

पुढल्या वर्षी गृहस्थांनी फाल्गुनातच आरंभ केला. त्यांची रक्तदाबाची गोळी लघवीवाटे पाणी कमी करणारी होती. ती डॉक्टरांनी प्रथम बदलली. पेढीवरील यंत्र दुपारी बारापर्यंत बंद ठेवावयाचे, असा मुलांशी करार झाला. मुनीमजींना तो मुळीच रुचला नाही. चालणे आधी तीन किलोमीटर, मग पाच, असे वाढत गेले. विहाराच्या दिवशी पोरसीऐवजी नवकारसी, आणि ती येताच उकळलेले पाणी.

वैशाखात पुन्हा तोच 11 किलोमीटरचा टप्पा आला. गृहस्थ आठ किलोमीटर चालले. तेथे छातीची धडधड वाढलेली जाणवताच त्यांनी मागून येणाऱ्या मुलास हात केला, महासतीजींना तेथूनच मत्थएण वंदामि म्हटले, आणि मोटारीत बसून पाण्याची बाटली उघडली.